आमच्या घरी राहून गेलेला पार्थियन घोडेस्वार

आमच्या शारजाच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये एकदा एक पार्थियन घोडेस्वार राहायला आला होता.

ही गोष्ट सांगायचा मक्ता खरं तर सुहासचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा. कुणाकडे जेवायला गेलो की ताटं उचलायच्या आत ती सुरू व्हायची, आणि दर वेळी घोडा थोडा मोठा व्हायचा. मी कोपऱ्यातून म्हणायची, "अरे, असं नव्हतं झालं." त्यावर तो म्हणायचा, "मग तू सांग!" आणि मी गप्प बसायची. गेल्या दिवाळीनंतर सुहास गेला. भेटायला आलेली माणसं नुसती बसून राहायची, आणि मग त्यातलं कुणीतरी हळूच म्हणायचं, "ती घोडेस्वाराची गोष्ट काय सांगायचे हो!" आणि सगळे माझ्याकडे बघायचे. मला चारचौघांत बोलता येत नाही. लिहिता येतं, तेही हळूहळू. म्हणून लिहिते. निदान घोडा तरी मूळ आकाराचा राहील.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. सुहास एका बांधकाम कंपनीत इंजिनिअर होता आणि मी एका भारतीय शाळेत ग्रंथपाल. सुहासचा एक स्कॉटिश सहकारी देश सोडून परत निघाला आणि जाताना घरातलं सामान वाटत सुटला. कुणाला टोस्टर मिळाला, कुणाला सायकल. आमच्या वाट्याला मेटल डिटेक्टर आला. लांब दांडा, खाली ताटलीएवढी चकती, वर कानाला लावायचा हेडफोन. पहिल्याच दिवशी सुहासने तो हॉलमध्ये फिरवला आणि सोफ्यातल्या सगळ्या स्प्रिंगा शोधून काढल्या.

"नीला, चालतोय!" तो ओरडला. (त्या सोफ्यात स्प्रिंगा आहेत हे त्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला आधीच माहीत होतं.)

मग दर शुक्रवारी आम्ही उम्म अल कुवैनच्या किनाऱ्यावर जायला लागलो. त्या भागात फार जुन्या वस्तीचे अवशेष निघाल्याचं मी वाचलं होतं. ग्रीक धर्तीची नाणी, इराणकडून आलेली भांडी, कुठकुठले व्यापारी! कामाची वाटणी सरळ होती. सुहास खणणार, मी ओळखणार.

आणि ओळखणं हे शास्त्र आहे, असं मी त्याला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. शाळेच्या लायब्ररीतून, ब्रिटिश लायब्ररीतून, ओळखीपाळखीच्या कपाटांतून मी पुस्तकं जमवली. आधी वजन बघायचं, मग कड, मग रंग. तांबं हिरवं पडतं, चांदी काळी, लोखंड तांबूस होऊन फुगतं. यंत्रावर केलेल्या वस्तूची जाडी सगळीकडे सारखी असते, हाताने ठोकलेल्या वस्तूची नसते. सापडलेली वस्तू कधी घासायची नाही, घासली की इतिहास निघून जातो. हे सगळं मला पाठ झालं. वस्तू तेवढ्या सापडत नव्हत्या. पेप्सीच्या डब्यांच्या कड्या मात्र इतक्या निघाल्या की त्यांचा एक कालक्रमही लावता आला असता.

एकदा शिशाचा एक जड, भोक पाडलेला गोळा मिळाला. मी तो तळहातावर तोलला, डोळे मिटले आणि म्हटलं, "व्यापाऱ्याचं वजन. रोमन असावं."

"मासेमारीच्या जाळ्याचं शिसं आहे, नीला."

"कशावरून?"

"जाळं पलीकडेच पडलंय. त्याला असली अजून ढीगभर आहेत."

"त्या काळीही कोळी होतेच की!"

"आणि नायलॉन?" सुहास म्हणाला.

असं सगळं आनंदात चाललेलं असताना त्या हिवाळ्यात सासूबाई आल्या. साताऱ्याची थंडी त्यांच्या गुडघ्यांना मानवायची नाही, म्हणून दर वर्षी त्या तीन महिने आमच्याकडे यायच्या. येताना मेतकूट, लसणाची चटणी आणि स्टीलच्या एका डब्यात त्यांचे देव. सकाळी आंघोळ करून त्या डबा उघडायच्या, देवांना ताम्हनात स्नान घालायच्या, पुसून मांडायच्या, पूजा करायच्या आणि पुन्हा डब्यात निजवायच्या. त्या वेळात मी शेजारच्या खोलीत पुस्तक उघडून बसलेली असायची. देवांशी माझं भांडण नव्हतं. ओळख नव्हती, एवढंच.

त्या आल्यावर पुढच्याच शुक्रवारी आम्ही तिघं किनाऱ्यावर गेलो. सासूबाई गाडीच्या सावलीत घडीच्या खुर्चीवर बसून पोहे खात होत्या. सुहास पाण्याच्या कडेकडेने चकती फिरवत होता, आणि अचानक तो थांबला. हेडफोन काढून त्याने माझ्या कानाला लावला. आजवर ऐकलेल्या खरखरीपेक्षा हा आवाज वेगळा होता, स्वच्छ आणि लांबलचक. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसलो. वीतभर खोलीवर माझ्या बोटांना काहीतरी पातळ, चपटं लागलं.

खेळायचा पत्ता असतो ना, त्याच्याहून लहान असा पत्रा. पुढून काळाठिक्कर, मागून हिरवा. एका बाजूला चीर गेलेली. वाळूची पुटं चढलेली, पण पुटांखाली उठावाचं काम होतं. मी समुद्राच्या पाण्यात तो विसळला. घोडा होता. घोड्यावर माणूस होता. माणसाचा हात वर होता आणि हातात तलवार होती.

"सुहास," मी कुजबुजले, "यात नायलॉन नाही."

आम्ही तो सासूबाईंना दाखवायला नेला. त्यांनी चष्मा लावला, पाहिलं, आणि त्यांच्या हातातली पोह्यांची बशी वाळूत पडली. चेहरा पांढराफटक.

"कुठं मिळालं हे?"

"तिथे, पाण्याच्या कडेला."

त्यांनी त्या जागेकडे एकदा पाहिलं आणि एकदम हात जोडले. मला भरून आलं. सुहासला मी म्हटलंसुद्धा, "बघ, इतिहासाचं कसं असतं! शिक्षण लागत नाही. समोर आला की माणूस आपोआप नम्र होतो."

त्यानंतर मी रोज शाळेतून आले की भिंग घेऊन बसायची. हळूहळू सगळं जुळत गेलं, आणि ते जितकं जुळलं तितकी माझी झोप उडत गेली. मागची पाठ तांब्याची, पुढे चांदीचा पत्रा, हाताने ठोकलेला. वरच्या दोन कोपऱ्यांत एक गोल आणि एक कोर, म्हणजे सूर्य नि चंद्र. पार्थियन, म्हणजे प्राचीन इराणी राजांच्या, नाण्यांवर तारा आणि चंद्रकोर असते हे माझ्या पुस्तकात चित्रासकट दिलं होतं! स्वाराच्या मागे झिजलेली एक छोटी आकृती दिसत होती. ती अर्थातच विजयदेवता. राजाच्या मागे उभी राहून ती त्याला पुष्पमाला घालते, हेही पुस्तकात होतं. घोड्याच्या पायांपाशी एक चार पायांचा प्राणी. शिकारीतला सिंह! पार्थियन राजे सिंहाची शिकार करत. (करत असावेत. इतका तपशील माझ्या पुस्तकात नव्हता, पण सिंह समोर होता.)

चार-पाच दिवसांनी आणखी एक धक्का बसला. घोड्याच्या मानेच्या खाचेत मला पिवळी झाक दिसली. आदल्या दिवशी ती नव्हती. मी कापूस ओला करून अलगद टिपला, तर कापूस पिवळा झाला. त्याला मंद वासही होता. मी पुस्तकं धुंडाळली. प्राचीन चांदीवर सोन्याचा मुलामा देत, आणि मुलामा चिकटवायला काही वनस्पतींची राळ वापरत असत, असं एके ठिकाणी निघालं. सुहास घरात शिरला तसं मी त्याला दारातच गाठलं.

"सोनं आहे त्यात! राळेसकट!"

"काल दिसलं नव्हतं ते?"

"हवेतल्या दमटपणाने वर येतंय."

सासूबाई स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होत्या. लाटण्याचा आवाज एकदम थांबला, आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला.

त्याच आठवड्यात आमच्या मराठी बायकांचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. तिथे एरवी मी तिळगूळ घेऊन भिंतीला टेकून बसायची. त्या वर्षी मी आपणहून उभी राहिले आणि बोलले. वस्तू नेली नव्हती, वर्णन केलं. अश्वारूढ योद्धा, उगारलेलं खड्ग, पाठीशी विजयदेवता, पायाशी मृगराज, माथ्यावर चंद्रसूर्य. भरलेल्या हॉलमधली एकही बाई पुढे काही बोलली नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात मला मिळालेल्या त्या पहिल्या टाळ्या. (शेवटच्याही त्याच.)

दुसऱ्या दिवशी सुहास ऑफिसातून आला तो थेट पलंगावर बसला. बूटही काढले नाहीत.

"तू किती जणींना सांगितलंस?"

"का रे?"

"किती जणींना, नीला?"

झालं होतं असं. त्याचा रेसिडेन्स व्हिसा महिनाअखेर संपत होता. नूतनीकरणाचे कागद द्यायला तो कंपनीच्या पीआरओकडे गेला होता. व्हिसाची सगळी कामं हाच माणूस बघायचा. बोलता बोलता सुहासने सहज विचारलं, "माझ्या एका मित्राला किनाऱ्यावर एक पुराणवस्तू सापडलीय, तर..."

पीआरओने पेन खाली ठेवलं. "मित्राला?"

"हो, मित्राला."

"तुमच्या मित्राला सांगा, जमिनीतून निघालेली जुनी वस्तू सरकारची असते. सापडली की कळवायचं. घरात ठेवली तर खलास. नोकरी खलास, व्हिसा खलास." मग सुहासचे कागद फायलीत लावत तो म्हणाला होता, "मित्राची बायको कुठे बोललेली नाही ना?"

त्या रात्री आम्ही जेवलो नाही. हॉलभर बायका, प्रत्येकीला एक नवरा, प्रत्येक नवऱ्याला एक ऑफिस! सुहासला बँकेचं कर्ज दिसू लागलं, पुण्यातला अर्धवट बांधलेला फ्लॅट दिसू लागला. मला विमानतळावर दोन पोलिसांच्या मधून चाललेला सुहास दिसू लागला. सासूबाई मधेच म्हणाल्या, "त्याला परत समुद्रात सोडून देऊ या का?"

"आई, आता तर तसं केलं की पुरावा नष्ट केल्याचंही कलम लागेल," सुहास म्हणाला.

"मग काय करायचं रे?"

"उद्या संग्रहालयात फोन करायचा. आपण होऊन द्यायचा. नीला बोलेल. तिला सगळं ठाऊक आहे."

फोन मी केला. डॉक्टर हातिम नावाच्या एका इराकी गृहस्थांनी तो घेतला. मी चंद्रकोरीपासून मुलाम्यापर्यंत सगळं सांगितलं तेव्हा पलीकडून आवाज आला, "मॅडम, तिला हात लावू नका. परवा सकाळी घेऊन या."

परवापर्यंत जगायचं होतं. त्या संध्याकाळी दाराची बेल वाजली. सुहासने भोकातून पाहिलं आणि मागे सरकला.

"गणवेश," तो नुसत्या ओठांनी म्हणाला. "दोघं आहेत!"

टेबलावर भिंगाखाली आमचा राजा पडलेला. सुहासने तो उचलला, स्वयंपाकघरात धावला, दिसला तो पहिला डबा उघडला आणि साबुदाण्यात खुपसला. मग केसांवरून हात फिरवून त्याने दार उघडलं.

"सलाम सर," बाहेरचा म्हणाला. "बिल्डिंग से आया. कॉक्रोच का दवाई मारना है."

सुहास म्हणाला, "मारा, मारा, सगळीकडे मारा!" (मराठीत.) आणि भिंतीला टेकून खाली बसला. त्या माणसांनी आपलं इतक्या प्रेमाने स्वागत झालेलं कधी पाहिलं नसावं. जाताना त्यांनी बाल्कनीतही फुकट औषध मारलं.

संग्रहालयाच्या दिवशी पहाटेच उठून मी साबुदाण्याचा डबा उघडला. वरवर बोट फिरवलं. मग कोपरापर्यंत हात घातला. मग सगळा साबुदाणा पेपरवर ओतला.

"सुहास!"

तो अर्ध्या दाढीच्या फेसासकट आला. आम्ही दोघांनी साबुदाणा चाळला, मग रवा चाळला, मग तूरडाळ. डॉक्टर हातिम वाट बघत होते. वस्तू आहे असं मीच फोनवर सांगितलेलं. आता ती नाही असं सांगितलं तर पुढचा प्रश्न कोण विचारणार होतं आणि कुठे बसवून, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

"विकली असंच वाटेल त्यांना," सुहास म्हणाला.

तेवढ्यात सासूबाई दारात आल्या. "हे शोधताय का?"

त्यांच्या हातात त्यांचा देवांचा डबा होता. झाकण उघडून त्यांनी तांबड्या कापडाच्या घडीतून आमचा घोडेस्वार काढला.

"साबुदाण्यात काय ठेवायचं ते," त्या पुटपुटल्या. "इथं नीट राहील म्हणून ठेवला होता."

त्यांना मिठी मारायची तेवढी बाकी होती. त्या म्हणाल्या, "मीपण येणार तिकडं." आम्ही नाही म्हणायच्या मनःस्थितीत नव्हतो.

डॉक्टर हातिम गोल, हसरे, चष्मा कपाळावर चढवून मग तो शोधणारे होते. छोट्या पेल्यांतून त्यांनी आम्हाला अरबी कॉफी दिली. सासूबाईंनी ती काढा घ्यावा तशी डोळे मिटून घेतली. मी पुडी उघडून वस्तू त्यांच्यासमोर ठेवली आणि इंग्रजीत माझं म्हणणं मांडलं. ते भिंगातून बघत होते आणि मधून मधून मान हलवत होते.

"ही मागची आकृती?"

"विजयदेवता."

"शक्य आहे," ते म्हणाले. मग पुन्हा, "शक्य आहे!" मी खुर्ची पुढे ओढली. "आणि हा सिंह?"

"शिकारीतला."

त्यांनी भिंग ठेवलं. "मॅडम, माझा विषय मातीची भांडी. मी खात्रीने काही सांगणार नाही. पण हे महत्त्वाचं असू शकतं. वस्तू आमच्या ताब्यात राहील. बाहेरच्या तज्ज्ञांना फोटो पाठवू. किनाऱ्याचा तो भाग दोरी लावून बंद करावा लागेल. तुम्ही दोघांनी पासपोर्टच्या प्रती द्या, रीतसर जबाब द्या, आणि हे पुरं होईपर्यंत देशाबाहेर जाऊ नका."

"किती वेळ लागेल?" बॅगेतून प्रती काढून देत सुहासने विचारलं.

"महिना, दोन महिने. इन्शाल्ला."

सुहासने महिनाअखेरीचा हिशेब केला असावा, कारण त्याने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. आणि नेमक्या त्याच वेळी सासूबाईंनी माझ्या दुसऱ्या हाताची बाही ओढली.

"काय म्हणतोय गं हा?"

"इथेच ठेवून घेणार म्हणतात."

"इथं? कुठं?"

"आधी तिजोरीत. नंतर काचेच्या कपाटात."

"आणि आंघोळ?"

"कुणाची?"

"त्याची! आणि नैवेद्य कोण दाखवणार?"

मी त्यांच्याकडे बघत राहिले. पदराचं टोक त्यांनी मुठीत आवळलं आणि त्या म्हणाल्या, "नीला, सांग त्याला. हा आमचा खंडोबा आहे."

"आई, काहीतरीच काय!"

"काहीतरी नाही. माझ्या पूजेतला टाक आहे तो. गेल्या वर्षी तुमच्याकडं ओट्यावरून डबा पडला आणि टाकाला चीर गेली. चीर गेलेला देव पूजेत कसा ठेवायचा? नदी तर इथं नाही. मग तेव्हा आपण त्याच किनाऱ्यावर सहलीला गेलो होतो ना, तुम्ही दोघं गाडीतून सामान काढत होता, तेव्हा मी घोट्याएवढ्या पाण्यात गेले आणि सोडला. परका देश, कुणी बघितलं तर सुहासला त्रास, म्हणून बोलले नाही कुणाला. साताऱ्याला जाऊन नवा करून घेतला. आणि हा बघ, तुझ्याच हाताला लागून परत आला! मला वाटलं, रागावला. तेव्हापासून घास उतरत नाही माझ्या घशाखाली. पण आता याला काचेत कोंडायला मी देणार नाही. सांग त्याला!"

डॉक्टर हातिम माझ्याकडे अपेक्षेने बघत होते. मी घसा खाकरला आणि इंग्रजीत म्हटलं, "त्या म्हणताहेत, कारागिरी फार सुंदर आहे."

"एवढंच?" सासूबाई म्हणाल्या. "मी इतकं बोलले, त्याचं इंग्रजीत एवढंच होतं?"

आणि मला बाजूला सारून त्या स्वतः टेबलावर वाकल्या. "साब, ये हमारा देव है. घर का. मैंने पानी में छोड्या था. ये वापस आया."

डॉक्टर हातिम ताठ बसले. बगदादमध्ये विद्यार्थी असताना त्यांनी मुंबईचे सिनेमे रांगा लावून पाहिले होते, हे आम्हाला मागाहून कळलं. "आपका?" त्यांनी विचारलं.

"हमारा. ये देखो." सासूबाईंनी पर्समधून तांबडी पुडी काढली आणि नवाकोरा, लखलखीत टाक जुन्याच्या शेजारी ठेवला. (तो का आणला होता, असं मी नंतर विचारलं. "घरी एकटा कसा ठेवायचा?" असं उत्तर मिळालं.)

घोडा, घोडा. तलवार, तलवार. चंद्रसूर्य, चंद्रसूर्य. डॉक्टरांचं भिंग इकडून तिकडे आणि तिकडून इकडे फिरत होतं.

"मग ही विजयदेवता?" तिच्यावर बोट ठेवून त्यांनी मला विचारलं.

सासूबाईंनी वाट पाहिली नाही. "म्हाळसा. उसका बीवी."

"आणि सिंह?"

"कुत्रा," मी खाली मान घालून म्हटलं, आणि त्याचं इंग्रजीही केलं.

"पण सोन्याचा मुलामा? तुम्ही फोनवर राळेबद्दलही बोलला होता."

सासूबाईंना मी तो प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "अगं, भंडारा तो! तुम्ही कामाला गेलात की रोज वाहत होते लपूनछपून."

"हळद आहे," मी डॉक्टरांना सांगितलं.

"हळद? तुमच्या स्वयंपाकात वापरतात ती?"

"हो."

"कधीतरी?"

"रोज," मी म्हटलं.

शेजारून एक विचित्र आवाज आला. सुहास तोंडावर रुमाल धरून वाकला होता आणि त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडतोय. मग त्याचा चेहरा दिसला.

डॉक्टर हातिम मात्र हसले नाहीत. त्यांनी दोन्ही टाक दोन्ही हातांनी उचलून सासूबाईंच्या ओंजळीत ठेवले. "अम्मा, अब फिर समुंदर में छोडेंगी?"

"नहीं बाबा. जिसको जाने का नहीं, उसको मैं कैसे भेजूं?"

त्यांनी मान डोलावली. मग पासपोर्टच्या प्रती सुहासला परत दिल्या आणि आम्हाला दारापर्यंत सोडायला आले. माझ्याशी हात मिळवत ते म्हणाले, "मॅडम, तुमचा युक्तिवाद उत्तम होता. वस्तू तेवढी दुसरी हवी होती."

परतीच्या वाटेवर सुहासला गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी लागली. स्टिअरिंगवर कपाळ टेकून तो हसत होता. जरा शांत व्हायचा आणि "त्याचं इंग्रजीत एवढंच होतं?" असं म्हणून पुन्हा सुरू व्हायचा. बाजूने ट्रक जात होते, गाडी हलत होती. मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, "हसून झालं की नीट चालव. मागं दोन-दोन देव बसलेत." त्या दुपारी त्या पोटभर जेवल्या. व्हिसाही महिनाअखेरच्या आत झाला. सुहास इतकं हसला होता की त्याच्या बरगड्या दोन दिवस दुखत होत्या, आणि त्या दुखण्याची तक्रार करतानाही त्याला हसू येत होतं. ते हसू मला लिहिता आलेलं नाही. तेवढी गोष्ट तोच सांगू शकला असता.

आता आम्ही पुण्यात आहोत. म्हणजे मी आहे. सासूबाईंनंतर दोन्ही टाकांची पूजा सुहास करायचा, आणि आता ती माझ्याकडे आली आहे. चीर गेलेला टाक पूजेत ठेवू नये, असं परवा कुणीतरी सांगून गेलं. मी ऐकून घेतलं. रोज सकाळी दोघांनाही ताम्हनात घेते, स्नान घालते, पुसते, भंडारा वाहते. घाई कसलीच नसते, त्यामुळे जुन्याला जरा जास्त वेळ हातात धरून बसते. कुत्रा आता मला लगेच ओळखू येतो. म्हाळसाही येते. पण सकाळचं तिरपं ऊन त्याच्यावर पडलं, आणि मी चष्मा लावलेला नसला, की अजूनही, अगदी खरं सांगते, तो मला पार्थियनच वाटतो!